बाजाराच्या दिवशी मोजलेली वाट

तुमच्या दारासमोरचा रस्ता तुम्ही ओलांडता की नाही, हे बघायला एखादा परका माणूस टोपी घालून दारात उभा राहिला, आणि नेमका तुम्ही सहकुटुंब लग्नाला गेलेल्या दिवशी उभा राहिला, तर तुम्ही काय कराल? हसाल? आणि त्याच्या त्या मोजणीवरून तुमच्या दारासमोर छातीएवढा लोखंडी कठडा बसणार असेल तर?

सावरमाळच्या बेबीनंदाने काय केलं ते सांगतो.

सावरमाळ वाटूरच्या अलीकडे आहे. जालन्याहून निघालात तर गाव डाव्या हाताला आणि गावाची सगळी वावरं उजव्या हाताला. मधून रस्ता. आजवर तो साधा दोन पदरी होता. ट्रक येतोय का बघायचं, नसेल तर पदर खोचून पलीकडे व्हायचं. आता तिथे मधोमध चार मार्गिका होणार आहेत, टोल भरून वेगात पळणाऱ्या गाड्यांसाठी. त्या भरावावर, दोन्हीकडून कठडा आणि कठड्यावर जाळी. बाजूला आमच्यासारख्यांसाठी फुकटचा सर्व्हिस रोड. जमीन सरकारची, बांधकाम कंपनीचं, आणि टोल पुढची कित्येक वर्षं कंपनीचाच. कागदावर याला सार्वजनिक-खाजगी भागीदारी म्हणतात. या भागीदाऱ्यांच्या मागे मी बऱ्याच चपला झिजवल्या आहेत. कॉलेज पाहिलं नाही, पण करार वाचता येतो, आणि 'तुम्हाला ते कळणार नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. माझं एवढं पुरे.

बेबीनंदा माहेरची कुंभार पिंपळगावची. वडील तिथल्या शाळेत शिपाई होते. घरात बाबासाहेबांचा फोटो आणि फोटोखाली पुस्तकं. बारावी झाली, नर्सिंगला जायचं होतं. पण प्रितमचं स्थळ आलं आणि ती सावरमाळला आली. इथे पहिल्याच वर्षी ती खुरपायला गेली ते वाटूरच्या एका मुकादमाच्या टोळीत. तो मुकादम बायांना पोरी म्हणायचा, शेतकऱ्याकडून दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, घ्यायचा आणि बायांना मन होईल तेव्हा द्यायचा. एका बाजाराच्या दिवशी बाया त्याच्या दारात पिशव्या घेऊन बसलेल्या आणि हा म्हणाला, पुढच्या बाजारी बघू. बेबीनंदा उठली. म्हणाली, "बघत तुमी बसा. आमी निघालो."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःची टोळी काढली. बाई मुकादम! गावात चार दिवस चेष्टा झाली. सगुणाबाई, जी आज तिच्या टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई आहे, तिनेच तेव्हा विचारलं होतं, "मुकादमीण व्हायला मिशा लागत्यात, तुला कुठं फुटल्या गं?"

बेबीनंदा म्हणाली, "तुमच्या घ्या की उसन्या."

सगुणाबाई हसली आणि टोळीत आली. तेव्हापासून रोज सकाळी बेबीनंदा बुद्धविहाराच्या पायरीवर उभी राहून घराघराच्या नावाने हाक मारते. हाक एकदाच. जी आली ती आली. आवाज असा की रस्त्यापलीकडच्या बैलांनीसुद्धा कान टवकारावेत.

ही टोळी निंदणी-खुरपणी करतेच, पण तिचं खरं नाव आहे क्रॉसिंगच्या कामात. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कपाशीचं संकरित बी हाताने तयार होतं. आदल्या दुपारी मादी झाडाची कळी सोलून आतले परागाचे तुरे काढून टाकायचे, खूण बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचं फूल तोडून त्या सोललेल्या कळीवर फिरवायचं. ऊन चढलं की फूल मेलं. मग तुम्ही कितीही हात जोडा, बोंड धरत नाही. त्यामुळे दोन-अडीच महिने या बायांना आजारपण नाही, माहेर नाही, बाजार नाही. बाकी वर्षभर मात्र बाजाराच्या दिवशी मजुरीला सुट्टी असते. त्या दिवशी रोज वाटले जातात आणि अख्खं गाव वाटूरला जातं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आता मोजणीचं ऐका. चैत्रात दोन माणसं आली. रस्त्याखालून जायला कुठे बोगदा ठेवायचा, कुठे नाही, हे ठरवण्यासाठी रस्ता कोण कोण ओलांडतं ते त्यांना मोजायचं होतं. उपसरपंच रामकिसन गावच्या फाट्यावरच बसलेला. त्यांनी त्याला विचारलं, तुमच्या गावात सगळ्यात जास्त वर्दळ कोणत्या दिवशी? रामकिसनची छाती फुगली. गाव लहान म्हणून कुणी हिणवायला नको ना! म्हणाला, "बाजाराच्या दिवशी या साहेब. फाट्यावर पाय ठेवायला जागा राहत न्हाई."

ते आले. गर्दी खरोखर झाली. रामकिसनने घरोघर फिरून आणखी माणसं काढली, मोजणीवाल्यांना चहा पाजला, म्हाताऱ्यांनासुद्धा फाट्यावर आणून बसवलं. आणि ही सगळी गर्दी गावाच्या बाजूलाच उभी राहिली, काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसली आणि वाटूरला गेली. रस्ता ओलांडून वावराकडे त्या दिवशी जवळजवळ कुणी गेलंच नाही. मोजणीवाल्यांनी जे दिसलं ते लिहिलं. त्यांची काय चूक?

श्रावणात जिल्हा परिषदेच्या शाळेत बैठक झाली. आराखडा सांगायला जी इंजिनिअर आली तिचं नाव रुचि. नवीन जालन्यातले जुने बियाणे व्यापारी हुकमचंद शेठ, त्यांची ही नात. सल्लागार कंपनीत नोकरीला. पोरगी गोड बोलत होती, पण बोलली ते कडू होतं. सावरमाळला बोगदा नाही. पादचारी पुरेसे नाहीत. वाटूर फाट्याला बोगदा आहे, तिथून पलीकडे जाता येईल.

वाटूर फाटा गावापासून चार किलोमीटर. जाताना चार, मग पलीकडून वावरापर्यंत परत मागे चार.

मी उभा राहिलो आणि माझा आवाज चढला. "कुणी मोजलं? एसीत बसून मोजलं का? आम्हाला मूर्ख समजता?" टेबलावर हात आपटला, पाण्याची बाटली पडली. रुचि गप्प झाली. असं कुणी गप्प झालं की मला वाटतं मी जिंकलो.

मागून बेबीनंदाचा आवाज आला. "भारतदादा, बसा. पोरीला बोलू द्या. तुमच्या आरड्यात मला काहीच कळंना गेलं."

मी बसलो. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं.

"बाई," ती रुचिला म्हणाली, "कोणत्या दिवशी मोजलं म्हणालीस?"

रुचिने दिवस सांगितला.

 सगुणाबाई फिसकन हसली. "अगं माय, त्या दिवशी तर गावात कुत्रं बी नसतं. ते बी बाजारला जातं."

"पण मावशी," रुचि म्हणाली, "आम्हाला गावातूनच सांगितलं होतं. सगळ्यात गर्दीचा दिवस म्हणून."

"कोण बोललं?" बेबीनंदाने विचारलं.

रुचिने कुणाकडे बोट केलं नाही, हे मी तिच्या बाजूने नोंदवून ठेवतो. पण रामकिसन छताकडे बघायला लागला आणि सगळं कळलं.

"रामकिसनभाऊ," बेबीनंदा म्हणाली, "छतावर काय लिवलंय का?"

"वैनी, मला वाटलं, गर्दी दिसली पाह्यजे..."

"दिसली की. काळीपिवळीत दिसली. आता कठड्याच्या ह्या बाजूला उभं राहून आपण आपली गर्दी बघत बसू."

लोक हसले. ती हसली नाही. ती रुचिकडे वळली. "तुझ्या आज्याच्या दुकानातलं बी आमच्या बोटानं तयार होतं, पोरी. सकाळी आमी पलीकडं गेलो न्हाई तर फूल वाया. आठ किलोमीटर चालून गेलो तर दुपार. मंग बियाण्याचे प्लॉटवाले काय आमची वाट बघत्याल? पलीकडच्या गावची टोळी लावत्याल. माझ्या बायांचं काम एका कठड्यानं जाणार हाय. पुन्हा मोज. कामाच्या दिवशी मोज."

रुचिने समोरचे कागद चाळले. मग म्हणाली, आराखडा अजून अंतिम झालेला नाही, एक फेरमोजणी मागता येते. भादव्यात एक कामाचा दिवस ठरवू. मात्र एकच दिवस. तो आकडा कमी आला तर तिच्या हातात काही राहणार नाही.

बैठक संपली आणि शाळेच्या ओट्यावर रामकिसन आणि मी डोकी एकत्र केली. रामकिसनला झाल्या गोष्टीची भरपाई करायची घाई. "दोन ट्रॅक्टर लावतो. चार गावची माणसं आणतो. सकाळपासून दोन्हीकडं नुसती जा-ये. मोजणारा घामानं भिजला पाह्यजे."

मला कल्पना आवडली. खरं सांगतो, मला ती बिलकुल चुकीची वाटली नाही. समोरचा खोटं बोलत असेल तर आपण सोवळं का पाळायचं?

"न्हाई," बेबीनंदा म्हणाली.

"अगं, एकच दिवस हाय!"

"म्हणूनच न्हाई. एक बी माणूस खोटा निघाला तर माझ्या खऱ्या बाया बी खोट्या ठरत्याल. जेवढ्या रोज जातो तेवढ्याच जाऊ. आन् रामकिसनभाऊ, तुमी त्या दिवशी चहा बी पाजू नका. तुमचा चहा लई महाग पडला."

मोजणीचा दिवस जवळ आला तसं दुसरंच निघालं. तिचा नवरा प्रितम याच रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवतो. कंपनीचा पगार. संध्याकाळी टँकर लावून तो घरी आला आणि चहाचा कप हातात धरून म्हणाला, "सुपरवायझर विचारून राह्यला. तुझी टोळी परवा कॅम्पवर पाह्यजे. दुभाजकाची झाडं लावायचीत. दीड रोज द्यायला तयार हाय."

परवा. म्हणजे नेमका मोजणीचा दिवस. आणि कॅम्प गावाच्याच बाजूला.

हे मुद्दाम होतं का? मला विचाराल तर हो. रुचिला माहीत होतं का? नाही, मला तसं वाटत नाही. कंपनीत डावा हात काय करतो ते उजव्याला सांगत नाहीत. बेबीनंदाने मला नंतर सांगितलं की ती या भानगडीत पडलीच नाही. "मुद्दाम असो न्हाईतर चुकून असो, बायांना दीड रोज दिसणारच की."

तिने प्रितमला विचारलं, "तुमी काय म्हणलात?"

"म्या म्हणलं, विचारतो. माझी नोकरी हाय तिथं."

"नोकरी करा. तुमच्या टँकरपुढं मी आडवी पडणार न्हाई. पण माझी टोळी माझी हाय. सुपरवायझरला सांगा, दुसरा दिवस द्या म्हणावं, झाडं काय मरून चाललीत का. माझी फुलं मरत्यात."

प्रितम कप ठेवून बाहेर गेला. तो भांडणारा माणूस नाही. पण दोन दिवस घरात फक्त गरजेपुरतं बोलणं झालं.

मोजणीच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. रस्त्याच्या कडेला रुचि, तिचे दोन मोजणीदार, खांबावर कॅमेरा. आणि थोड्या अंतरावर कंपनीचा छोटा टेम्पो, बोगनवेलीच्या रोपांनी भरलेला, मागचा फाळका उघडा. बायांना चढायला सोपं जावं म्हणून खाली विटा रचलेल्या.

बेबीनंदाची हाक झाली. बाया आल्या. डोक्याला फडकी, कमरेला फुलांच्या पिशव्या, हातात डबे. टेम्पोजवळ येऊन सगळ्यांची पावलं जड झाली. बातमी सगळ्या गावात फिरलेलीच होती. दोघी विटांवर पाय देऊन चढल्या. तिसरी शालू. शालूचं पोरगं तापाने फणफणलेलं, औषधाला पैसे हवेत, हे सगळ्यांना माहीत. तिने फाळक्याला हात लावला.

मी तोंड उघडणार होतो. बेबीनंदाने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"शालू," ती म्हणाली, "गेलीस तर मी राग धरणार न्हाई. उद्या तुला हाक मारीन, बराबर मारीन. पण एक बघ. ही रोपं एका दिवसात लावून होत्यात. पलीकडचं वावर आपल्याला जन्मभर पुरतंय. तुला जे पटंल ते कर, पण जल्दी कर. ऊन चढून राह्यलं."

शालू उभीच राहिली. टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "चढ की बाई."

सगुणाबाईने त्याला सुनावलं, "तू गप रे. तुझ्या बोगनवेलीला काटे असत्यात. आमच्या हातांना फुलांची सवय हाय." आणि शालूचा हात धरला. शालू आली.

मग त्या रस्त्याच्या कडेला रांगेत उभ्या राहिल्या. कामासाठी कडेला टाकलेली खडी पायाखाली सरकत होती. एक ट्रक गेला, एक ट्रॅव्हल्स गेली, जागा झाली. बेबीनंदा पुढे, सगुणाबाई शेवटी. टोळी पलीकडे गेली. त्यांच्यामागे दोन बैलगाड्या, दूध काढायला निघालेला एक, सायकलवर पंप चालू करायला निघालेले तिघे-चौघे, बकऱ्या. गाव पलीकडे चाललं होतं, रोज जातं तसंच.

पलीकडे पोचल्यावर सगुणाबाई मागे वळून ओरडली, "ए बाई, मला दोनदा मोज गं! माझी कंबर वेगळी चालती, मी वेगळी!"

रुचि हसली, पण तिने एकदाच मोजलं. संध्याकाळी टोळी परत आली तेव्हाही ती तिथेच होती, उन्हाने चेहरा लाल झालेला. तिने बेबीनंदाला सांगितलं, "मावशी, आकडा पुरेसा आहे. बोगदा हवा असं मी लिहून देते."

दुसऱ्या दिवशी बुद्धविहाराच्या पायरीवरून त्या टेम्पोत चढलेल्या दोघींनाही हाक गेली. त्या आल्या. सगुणाबाईने त्यांना दिवसभर 'बोगनवेल' म्हणून छळलं, ते वेगळं.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. मी तर पेढे आणायला निघालो होतो.

गेल्या आठवड्यात रुचिचा फोन आला. बोगदा मान्य आहे. पण तो मूळ करारात नव्हता, त्यामुळे वाढीव खर्च कुणी द्यायचा यावर दोन्ही भागीदार अडून बसलेत. कंपनी म्हणते, गावाची मागणी सरकारने मान्य केली, सरकारने भरावं. सरकार म्हणतं, टोल तुम्ही घेणार, तुम्ही भरा. दरम्यान भराव सावरमाळपर्यंत येऊन ठेपलाय. एकदा तो पक्का झाला की पोखरून बोगदा करायला दुप्पट खर्च आणि मग तर कुणीच देणार नाही.

मी ही बातमी द्यायला गेलो तेव्हा बेबीनंदा वावरात होती, बोटं पिवळी झालेली. हात न थांबवता तिने ऐकलं. माझा संताप चालूच होता, करार, कलमं, कोर्ट. ती म्हणाली, "दादा, ही तर बटई झाली."

"कशी?"

"वावर मालकाचं, कसणारा बटईदार. विहिरीची मोटर जळाली की मालक म्हणतो तू भर, बटईदार म्हणतो तू भर. तवर पीक वाळतं. आमच्याकडं हे दर साली होतं."

"मग काय करता?"

"दोघांना पारावर बसवतो. आन् भोवती गाव बसवतो. कुणी बोलत न्हाई, कुणी मारत न्हाई. नुसतं बसायचं. चार माणसं बघून राह्यलीत म्हणल्यावर दोघांनाबी लाज वाटती. संध्याकाळच्या आत मोटर भरून येती."

या खर्चाच्या वादाची सुनावणी येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता जालन्यात, जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. मी विचारलं, टोळीला कसं आणायचं, गाडी बघू का?

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गाडीचा विषय परत काढला नाही. "सकाळी दहा? फुलं कोण फिरवंल? सोमवारी फूल उमलणार न्हाई असं कलेक्टरनं सांगितलंय का?"

"मग भोवती कोण बसणार?"

"मोजून घ्यायला परकं माणूस चालत न्हाई. बसायला कुणीबी चालतं."

मी तिथून निघालो आणि हे लिहायला बसलो. म्हणून आता तुम्हालाच सांगतो, कारण तुम्ही जालन्यात राहता, किंवा परतूरला, मंठ्याला, अंबडला, आणि सोमवारची तुमची सकाळ कुठल्या कळीला बांधलेली नाही. येत्या सोमवारी दहाच्या आधी जिल्हाधिकारी कार्यालयात या. घोषणा देऊ नका, बॅनर आणू नका, माझ्यासारखं टेबलावर हात आपटू नका. दालनाच्या आत जागा मिळाली तर आत बसा, नाही मिळाली तर व्हरांड्यात बसा, आणि सावरमाळच्या बोगद्याचा खर्च कुणाचा हे ठरेपर्यंत उठू नका.